हिरव्या चादरीखाली

ते साल दोन हजार एक्केचाळीस. वेणखेड्याची कोळसा खाण बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण खाणीचा भोंगा जुन्या माणसांच्या कानात अजून वाजत असे. एके काळी पाळी सुटली की काळ्या तोंडांची माणसं रांगेनं वर येत, बायका दारात पाण्याच्या बादल्या भरून वाट बघत आणि थोड्याच वेळात अख्खी कॉलनी लाल साबणाच्या वासानं भरून जाई. आता खाणीच्या तोंडाशी बाभळी माजल्या होत्या. कंपनीनं जाताना क्वार्टर्स कामगारांच्या नावे करून दिली आणि जमिनीखालच्या पोकळीत नदीची वाळू भरून देण्याचं वचन दिलं. क्वार्टर्स मिळाली. वाळू कोणी पाहिली नाही.

त्या पोकळीवर लोक राहत होते. जमीन खचते की काय याची धास्ती सगळ्या कोळसापट्ट्यालाच होती, म्हणून सरकारनं भूस्थैर्य मंडळ काढलं आणि मंडळानं नकाशा आणला. आकाशातून जाणारा उपग्रह दर आठवड्याला जमिनीची उंची मोजायचा, तीही मिलिमीटरपर्यंत. ती मापं गणितातून गाळून प्रत्येकाच्या मोबाइलवर रंगात दिसत. हिरवा म्हणजे खुशाल राहा, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे घर सोडा. लोक त्या नकाशाला नुसतं ‘चादर’ म्हणत. सकाळी दात घासताना चादर बघायची आणि मग चहा टाकायचा, अशी सवय लागली होती.

मंदाकिनी टोंगे यांची गल्ली तीन वर्षं हिरवीगार होती.

टोंगेबाई तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा खाणीत सर्व्हेअर होता, तो जाऊन दहाएक वर्षं झाली. मुलगी परदेशात. उरली ती क्वार्टर, कपाटभर पुस्तकं आणि समोरची लक्ष्मम्मा. लक्ष्मम्माचा सासरा तेलंगणातल्या करीमनगरकडून खाणीत कामाला आला, तो इथलाच झाला. दोघी नव्या नवऱ्या असल्यापासून समोरासमोर. एकीच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरी मोजायची.

भाद्रपदात एका सकाळी टोंगेबाईंनी कढीपत्त्याचं रोप लावायला अंगणात खड्डा खणायला घेतला. माती भुसभुशीत, सगळा मुरूम. पहार सहज आत जात होती. खड्डा गुडघाभर झाला आणि पहार खण्णकन वाजली. बाईंनी हातानं मुरूम बाजूला केला. खाली सिमेंटचा कोबा होता आणि कोब्यात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा मोराचा पिसारा.

बाईंनी पदरानं तो पुसून काढला. हा मोर त्यांच्या नवऱ्यानं बसवला होता. घरातल्या फुटलेल्या कपबशा साठवून, दोन रविवार उकिडवं बसून, एकेक तुकडा ओल्या सिमेंटमध्ये दाबून. मोर अंगणाच्या मध्यावर होता. त्यावर चपला काढल्या की नवरा ओरडायचा. तो मोर गुडघाभर खाली कसा गेला?

आणि मग त्यांना आठवलं. मोर काही कोणी पुरला नव्हता. तो झाकला होता, आणि झाकणाऱ्यांत त्या स्वतः होत्या.

नवरात्रात त्या गल्लीत बतुकम्मा असे. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे पांढरे तुरे, झेंडू असे थर रचून फुलांचा उंच मनोरा करायचा, तो मधे ठेवून बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा. सुरुवात लक्ष्मम्माच्या सासूनं केली. पुढं टोंगे, निखाडे, कुडमेथे, सगळ्याच घरच्या बायका त्यात आल्या. दोन्ही बाजूंची अंगणं मिळून फेराची जागा होई. पावसाळ्यानंतर अंगण मधे बसलेलं असायचं. पावसानं माती वाहून गेली, असं सगळ्या म्हणायच्या. मग बतुकम्माच्या आधी प्रत्येक घरानं मुरमाची घमेली टाकायची, धुमसानं ठोकून जागा सपाट करायची आणि वरून शेणसडा. एवढं सुंदर अंगण दिसायचं की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. बायकांना त्याचा केवढा अभिमान! दर वर्षी. एकही वर्ष न चुकता.

पण अंगणाला उतार नाही, वाहून जायला वाटच नाही. मग माती गेली कुठं? माती कुठंच गेली नव्हती. जमीनच खाली चालली होती.

बाईंनी मातीच्या हातानंच मोबाइल उघडला. अंगण हिरवं. लक्ष्मम्माचं अंगण तर गल्लीत सगळ्यात गडद हिरवं.

ती चादर विणणारा तन्मय बोढे त्यांचाच विद्यार्थी. नुसता विद्यार्थी नव्हे. कॉलेजच्या तीन वर्षांत त्याचा रात्रीचा डबा टोंगेबाईंकडून जायचा. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसनं नागपूरला निघाल्या. पिशवीत निळ्या कपाचा एक तुकडा होता.

मंडळाच्या कचेरीत थंडगार हवा होती. तन्मय उठून पाया पडला. “मॅडम, कळवायचं तरी. मी गाडी पाठवली असती.”

“बस खाली. आमच्या गल्लीची मापं दाखव. रंग नको, मापं.”

त्यानं पडद्यावर गल्ली काढली. हजारो ठिपके होते. मात्र दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यात, अंगणांच्या जागी, ठिपकेच नव्हते. कोरी जागा.

“इथली मापं कुठायत?”

“ती वगळलेली आहेत. उंची अचानक वर उडी मारते तिथली मापं यंत्र धरत नाही. जमीन आपोआप वर येत नसते. म्हणजे कोणीतरी भर टाकली, बांधकाम केलं, ट्रॅक्टर उभा केला. तो मानवी हस्तक्षेप.”

“मग तिथं हिरवा रंग भरला कशानं?”

तन्मयनं खुर्ची पडद्याकडे वळवली. मग शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं बोलू लागला. “शेजारच्या ठिपक्यांवरून. एका चौकोनातले ठिपके घ्यायचे आणि त्यांच्या जवळून जाईल असा बहुपदीचा पृष्ठभाग बसवायचा. पहिल्या घाताची बहुपदी म्हणजे सपाट पाट, तिरका होईल पण वाकणार नाही. दुसऱ्या घाताची वाटीसारखी वाकते. तिसऱ्या घाताला एक बाजू वर, एक खाली, असा पीळ देता येतो. ठिपक्यांपासून पृष्ठभागाच्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज कमीत कमी होईल अशा बेतानं तो ठेवायचा. मग मोजमापातला गोंगाट गळून पडतो आणि जमिनीचा खरा आकार उरतो. जिथं माप नाही तिथंही पृष्ठभाग असतोच. चौकोन सरकवत न्यायचा. खाटेवर चादर ताणावी तसं.”

“आणि खाटेचा सुंभ मधेच तुटला असेल तर? ताणलेल्या चादरीवरून दिसेल?”

“मॅडम...”

“घात वाढव. चौकोन लहान कर.”

“घात वाढवला की पृष्ठभाग प्रत्येक ठिपक्यामागं धावतो. कोणाच्या छपरावर ओली ताडपत्री पडली, तरी तिथं दरी दाखवतो. तुम्हीच शिकवलंय.”

“मी आणखी एक शिकवलं होतं. पृष्ठभाग बसवला की काय करायचं?”

“वजा करायचं,” तो पुटपुटला. “जे उरतं ते बघायचं.”

“बघतोस?”

“दोन कोटी ठिपके आहेत, मॅडम.”

बाईंनी कपाचा तुकडा टेबलावर आपटला. “हा आमच्या अंगणातला मोर. गुडघाभर खाली गेलाय. आम्ही मूर्ख बायका त्याच्यावर दर वर्षी मुरूम ओतत होतो. जिथं जमीन जास्त खचते तिथं आम्ही जास्त भरतो. जिथं आम्ही भरतो तिथली मापं तू फेकतोस. आणि फेकलेल्या जागी शेजारच्या धडधाकट घरांचा हिरवा रंग पसरतोस! घरं उभी आहेत ती आत सोडलेल्या कोळशाच्या खांबांवर. अंगणं आहेत बोगद्यावर. कळतंय का तुला?”

तन्मयनं तो तुकडा बाजूला सारला. “मॅडम, पहिल्या वर्षी चादर नव्हती. कच्चीच मापं लोकांना दाखवली. आमची वस्ती लाल झाली. ताडपत्र्यांमुळं! पोलीस आले, सगळ्यांना टिनाच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. मे महिना, चंद्रपूरचं ऊन. माझे बाबा त्या शेडमध्ये उष्माघातानं गेले. आमचं घर अजून उभं आहे. एक भेग नाही त्याला. खोट्या लाल रंगानं माणूस मरतो, हे मी पाहिलंय. त्यानंतर मी हे गुळगुळीत करणारं गणित आणलं. एका मोरासाठी मी गल्ली उठवणार नाही.”

बाईंना त्याच्या वडिलांचं माहीत होतं. त्या तेव्हा भेटूनही आल्या होत्या. तरी त्यांचा राग तसूभर उतरला नाही. “एक मरण टाळायला दुसरं झाकून ठेवायचं, हे गणित नव्हे, तन्मय. ही तुझी भीती आहे, आणि ती तू आमच्या डोक्यावर पांघरलीस.”

निघताना बाईंनी कपाचा तुकडा मुद्दाम टेबलावरच ठेवला.

परतीच्या वाटेवर त्यांनी मनाशी ठरवलं. मुरूम पडला नाही, तर उडी नाही. उडी नाही, तर यंत्राला माप फेकता येणार नाही. यंदा अंगण भरायचं नाही. जमिनीला खाली जाताना दिसू द्यायचं.

लक्ष्मम्मा भेंडी चिरत बसली होती. सगळं ऐकून ती हसली. “मास्तरीण, तुह्या डोक्यातलं गणित काही रिटायर झालं नाही बाप्पा! मोर खाली गेला म्हणते. म्हातारपणी समदंच खाली जाते.”

“मस्करी नको. यंदा फेर इथं नको, मुरूमही नको. शाळेच्या मैदानावर करू.”

विळीवरचा हात थांबला. “काहून? माह्या सासूनं बसवलेली बतुकम्मा दुसऱ्याच्या दारात नेऊ? आन् खड्डे पडलेलं अंगण लोकाईले दाखवू?”

“हो. दाखवायचंच आहे.”

“लाल झालं तं कुठी जाऊ मी? टिनात? बोढ्याचा बाप कसा मेला मालूम हाय ना तुले?” लक्ष्मम्मानं मोबाइल पुढं केला. “हे पाय. हिरवं हाय. सरकारचं मशीन खोटं आन् तू एकटी खरी?”

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुरमाची ट्रॉली आलीच. बायका पदर खोचून, घमेली घेऊन जमल्या. बघतात तो अंगणाच्या बरोबर मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर टोंगेबाई, मांडीवर छत्री.

“टोंगेबाई, सरका जी,” निखाड्यांची सून म्हणाली. “मुरूम टाकू द्या.”

“माझ्या डोक्यावर टाक.”

“असं काय करता लहान लेकरावानी?”

“लेकरांसाठीच करतेय. तुझी दोन लेकरं इथंच नाचणार आहेत ना? खाली बोगदा आहे. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं तो मोजला होता. वाळू भरली असं कंपनी म्हणाली, तेव्हा तो तीन दिवस जेवला नव्हता. तुमचे सासरे-नवरे त्याच खाणीत होते. विचारा घरी जाऊन, एक तरी वाळूचा ट्रक पाहिला का कोणी!”

कोणी हसलं, कोणी कुरकुरलं. एकीनं घमेलं खाली ठेवलं, मग दुसरीनं. खाणीतल्या घरच्या बायका त्या. वाळूचं खोटं त्यांना नवीन नव्हतं. ट्रॉली तशीच परत गेली. लक्ष्मम्मा मात्र बाईंसमोर येऊन उभी राहिली.

“तुमी लई शिकेल हा, टोंगेबाई. आमी अडाणी. आजपासून माह्या दारात येऊ नका.”

चाळीसएक वर्षांत लक्ष्मम्मानं त्यांना पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं. मुरमाचं घमेलं खरंच डोक्यात पडतं तर बरं, असं बाईंना वाटलं.

बतुकम्मा शाळेच्या मैदानावर गेली. बायका नाचल्या. लक्ष्मम्मा गेली नाही. दार लावून बसली. अंगण उघडंच राहिलं आणि उपग्रह वरून जात राहिला. पहिल्यांदाच त्या पट्ट्यातली मापं यंत्रानं धरली. चादर तरी हिरवीच. बोगदा अरुंद, आणि दोन्ही बाजूंची घरं पक्की. कमी घाताचा पृष्ठभाग एवढ्या चिंचोळ्या चरात उतरतच नव्हता. वरून तरंगत जात होता, खड्ड्यावर टाकलेल्या फळीसारखा.

पण नागपुरात एका टेबलावर निळ्या कपाचा तुकडा पडला होता. तन्मय तो रोज उचलायचा आणि खाली ठेवायचा. अखेर दसऱ्यानंतर त्यानं त्या गल्लीपुरती वजाबाकी केली.

गोंगाट असता तर उरलेले आकडे कुठे अधिक, कुठे उणे, असे मीठ शिंपडल्यासारखे विखुरले असते. इथं एका ओळीत सगळे उणे होते. एकही अधिक नाही. सरळ, रेघेनं आखलेली गल्ली पडद्यावर उमटली होती, जमिनीखालच्या बोगद्याच्या मापाची. आणि दर आठवड्याला ती आणखी उणे होत होती.

त्यानं वरिष्ठांना दाखवलं. संचालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बोढे, एका गल्लीसाठी पद्धत बदलली, तर उद्या शंभर गावं वजाबाकी मागतील. पुढच्या बैठकीत ठेवा. दिवाळीनंतर.”

तन्मयनं बाईंना फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. “मॅडम, तुमचं बरोबर आहे. मी हातानं लाल करतोय. परवानगी नाही. लोकांना बाहेर काढा, आत्ता.”

आणि गल्ली लाल झाली. सगळे मोबाइल एकदम किंचाळले. बायकांनी लेकरं उचलली, गॅस बंद केले, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. लक्ष्मम्माही निघाली, बाईंकडे न बघता. सगळे नाक्यावरच्या वडाखाली येऊन बसले. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. ऊन चढलं, पाणी संपलं, लेकरं रडू लागली. टिनाच्या शेडचं नाव कोणीतरी काढलं.

मग मोबाइल पुन्हा वाजले, या खेपेला गोड आवाजात. ‘तांत्रिक दोष दूर करण्यात आला आहे. परिसर सुरक्षित आहे. नागरिकांनी घरी परतावे.’

मंडळाच्या यंत्रानं हातानं केलेला बदल ओळखला होता. मानवी हस्तक्षेप म्हणून तो वगळला होता.

गल्ली हिरवी झाली. लोक उठले.

टोंगेबाई गल्लीच्या तोंडाशी छत्री आडवी धरून उभ्या राहिल्या. “एकानंही आत पाऊल टाकायचं नाही! तन्मयनं मला स्वतः सांगितलंय! अरे, फोनला पाय आहेत का खड्ड्यात पडायला? तुम्हाला आहेत!” त्या ओरडत होत्या, शिव्या देत होत्या. ज्या तोंडानं आयुष्यभर प्रमेयं सांगितली, त्या तोंडून अशा शिव्या ऐकून लोक चरकून थांबले. निखाड्यांच्या सुनेनं लेकरं घट्ट धरली. पोरं मागं सरली.

लक्ष्मम्मा थांबली नाही.

“सरका,” ती म्हणाली. “बतुकम्माच्या पितळी परातीले हळद लावून ठेवली हाय. सासूची हाय ते. उघडी पडली तं मांजर लवंडवन.”

“लक्ष्मम्मा, नको गं. मी तुझ्या पाया पडते.”

“तुमी मले माह्या अंगणात नाचू देलं नाही. आता घरात बी जाऊ देत नाही काय?” तिनं छत्री हातानं बाजूला केली. बाईंनी तिचा दंड पकडला. लक्ष्मम्मानं तो हिसडून सोडवला. भर उन्हात ती अंगणातून चालत गेली, पदर सावरत, नेहमीच्या डौलात.

दाराशी पोचून तिनं मागं वळून पाहिलं. मग आत जाऊन, परात दोन्ही हातांत घेऊन ती परत निघाली. अंगणाच्या मध्यावर, मोराच्या जवळपास, जमिनीनं फारसा आवाजही केला नाही. पोतं फाटावं तसा एक दबका आवाज आला. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा अंगण नव्हतं.

दोन कोटी ठिपक्यांत एक ठिपका. बाई पुढं धावल्या, त्यांना दोघांनी धरून ठेवलं. आता लोक त्यांना थांबवत होते.

पुढं चौकशी झाली. एकच दुर्घटना, एकूण परिसराच्या मानाने अपवादात्मक, असं अहवालात लिहिलं गेलं. संचालकांची बदली झाली, वरच्या जागेवर. विनापरवाना ढवळाढवळ केल्याबद्दल तन्मय बोढेला काढून टाकलं. तो वेणखेड्याला परत आला, टोंगेबाईंच्या शेजारी खोली घेऊन राहिला आणि कोळसापट्ट्यातल्या गावागावांची वजाबाकी करून भिंतींवर लावत सुटला. त्याच्यावर दोन खटले चालू आहेत. त्याच्या वजाबाकीवरून दोन वस्त्या वेळेवर उठल्या. तिसरी उगाच उठली. त्या तिसऱ्या वस्तीतले लोक त्याला दगड मारायला आले होते, तेव्हा तो दार उघडून बाहेर जाऊन उभा राहिला. निखाड्यांची सून लेकरांना घेऊन वणीला गेली. बतुकम्मा अजून शाळेच्या मैदानावर होते. मनोरा ज्यात रचतात, ती परात नवी आहे.

टोंगेबाई गल्लीच्या तोंडाशी राहतात, भाड्याच्या खोलीत. राग अजून तसाच आहे. मंडळाचा माणूस आला की छत्री घेऊन उठतात. खड्डा मंडळानं विजेच्या कारखान्याची राख आणून भरून टाकला, वरून रोलर फिरवला. भर टाकली म्हणून जमिनीनं तिथं वर उडी मारली, आणि उडी मारली म्हणून यंत्रानं ती मापं वगळली.

सकाळी दात घासताना बाई चादर बघतात. लक्ष्मम्माच्या अंगणावर शेजारच्या घरांचा रंग पसरला आहे. हिरवा. कुठं एक सुरकुती नाही.